कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीला जातोय, विरळ हवेचा त्रास टाळायला काय तयारी करू?

ह्यूस्टनकर | ३ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी मूळचा वाईचा, गेली चौदा वर्षं ह्यूस्टनला. घर समुद्रसपाटीपासून जेमतेम पंधरा मीटरवर. ऑफिसातल्या दोन टेक्सन मित्रांच्या संगतीनं रीतसर कोर्स करून शिकारीला जायला लागलो. गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदा कोलोरॅडोत एल्कसाठी गेलो. ज्यांनी एल्क पाहिला नसेल त्यांच्यासाठी: आपल्या सांबराच्या कुळातलाच, पण अंगानं कितीतरी मोठा.

तिथं काय झालं ते आधी सांगतो, कारण प्रश्न त्यातूनच आलेत.

हंगामाच्या आदल्या दिवशी सकाळी विमानानं डेन्व्हर, तिथून गाडीनं थेट साडेदहा हजार फुटांवरचा कॅम्प. म्हणजे साधारण ३२०० मीटर. रात्री नऊला अंधारात तंबू ठोकला. पहाटे साडेतीनला उठलो तेव्हा डोकं ठणकत होतं. मी कोणाला बोललो नाही. परवाना सोडतीत लागलेला, रायफलचा पहिला हंगाम पाचच दिवसांचा, रजा मोजून घेतलेली. वाटलं, झोप झाली नाही म्हणून असेल. दिवसभर चढउतार केली, संध्याकाळी जेवण गेलं नाही, रात्री उलटी झाली. तीही तंबूपासून लांब जाऊन केली, कोणाला कळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराच्या एका धारेवर उभा असताना माझ्या लक्षात आलं की रायफलमध्ये गोळी भरली आहे की नाही, हे मला आठवत नाहीये. बोल्ट उघडून बघावं, इतकी साधी गोष्टही सुचेना. मित्र मागून येत होता. त्याला माझं चालणं झोकांड्या खाल्ल्यासारखं दिसलं. त्यानं काही न विचारता हातातून रायफल काढून घेतली, रिकामी केली आणि मला धरून खाली आणलं. मग गाडीनं गनिसनला, ७७०० फुटांवर. संध्याकाळपर्यंत मी बराचसा ठीक होतो.

या वर्षी पुन्हा परवाना मिळालाय. बरोबर तेच दोघं मित्र, शिवाय डॅलसला शिकायला आलेला माझा भाचा. तो शिकार करणार नाही, कॅम्प सांभाळायला आणि मांस वाहायला येतोय. तेव्हा विचारायचंय: आधी किती दिवस जावं? डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) घ्यावी का? मी रोज आठ किलोमीटर पळतोय, त्याचा फायदा होईल ना? आणि आईनं वाईहून कापराची पुरचुंडी आणि कोका ३० हे होमिओपॅथीचं औषध पाठवलंय, त्याचं काय करू?

*

सह्यभटक्या | ४ ऑगस्ट, सकाळी ७.१५

तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत हे फार बरं केलंत. उलटी लपवणारे मी हिमालयात प्रत्येक बॅचमध्ये पाहिलेत.

अंदाज यावा म्हणून सांगतो: कळसूबाई १६४६ मीटर आणि डेन्व्हर १६०९. म्हणजे आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर जिथं संपतं, जवळपास त्या पातळीवर डेन्व्हर शहर वसलंय, आणि तुमचा कॅम्प त्याच्या दुप्पट उंचीवर. सह्याद्रीत कितीही भटकलं तरी या हवेची सवय होत नाही.

पळण्याबद्दल: पळाच, पाय आणि दम दोन्ही लागणार आहेत. पण त्यानं विरळ हवेपासून संरक्षण मिळत नाही. उलट पळणारा माणूस पहिल्या दिवशी झपझप चढतो आणि तोच आधी आडवा होतो. लडाखला आमच्यात मॅरेथॉन पळणारा एक मुलगा होता. लेहला उतरल्या दिवशी संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या दोनदा चढून आला आणि दुसरा दिवस बादली घेऊन झोपला. त्याच खोलीतल्या साठीच्या काकू काही न करता गच्चीवर बसून होत्या, त्यांना काही झालं नाही.

*

वैद्यकी | ४ ऑगस्ट, दुपारी २.०५

मी फिजिशियन आहे. इथं लिहिते ते माहिती म्हणून. औषध तुमच्या तिथल्या डॉक्टरांना दाखवूनच घ्या.

आधी गेल्या वर्षीच्या प्रसंगाबद्दल, कारण तुम्ही तो ‘त्रास झाला’ इतक्यावर सोडलाय. डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, थकवा, गरगरणं हा झाला साधा एएमएस, म्हणजे विरळ हवेचा आजार. चढून गेल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होतो आणि तिथंच थांबून विश्रांती घेतली तर बहुतेकांचा एकदोन दिवसांत उतरतो. पण झोकांड्या जाणं आणि साधी गोष्ट न सुचणं ही मेंदूला सूज यायला लागल्याची खूण असते. त्या अवस्थेत आणखी एक रात्र वर काढली असती तर जिवावर बेतू शकलं असतं. तुमच्या मित्रानं जे केलं तोच खरा उपचार: ताबडतोब खाली आणणं. त्याला माझा नमस्कार सांगा.

आता हे होतं का. वर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. ३२०० मीटरवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश ऑक्सिजन मिळतो. मग शरीर जोरजोरात श्वास घ्यायला लागतं. त्यामुळं कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला ब्रेक लावतो. रात्री झोपेत हा ब्रेक जास्त लागतो. श्वास मध्येच थांबतो, दचकून जाग येते, आणि ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो तो तेव्हाच. म्हणून दिवसा किती उंच गेलात त्यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात याला महत्त्व. पुढच्या दोनतीन दिवसांत मूत्रपिंडं जादा अल्कधर्मी क्षार (बायकार्बोनेट) लघवीवाटे टाकतात, ब्रेक सैल होतो. हे दोनतीन दिवस तुम्ही शरीराला दिलेच नव्हते.

डायमॉक्स हेच काम लवकर करून घेते. प्रौढांसाठी प्रतिबंधाचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. चढायच्या आदल्या दिवसापासून सुरू करून वर पोचल्यावर दोन दिवस, आणि चढ भरभर असेल तर थोडा जास्त काळ. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोड्याची चव बेचव लागते. त्याला घाबरू नका. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल, मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. घरी असताना एकदोन दिवस घेऊन बघा म्हणजे काय होतं ते कळेल. तुम्हाला एकदा गंभीर त्रास होऊन गेलाय, तेव्हा माझ्या मते तुम्ही ती घ्यावी. पण गोळी घेतली म्हणून एका दिवसात ३२०० मीटर, असं करू नका.

*

अरण्यप्रेमी | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

माफ करा, पण मौजेसाठी प्राणी मारायला जाण्याची तयारी इथं चर्चेला यावी, हे मला मनापासून पटत नाही. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं.

*

ह्यूस्टनकर | ४ ऑगस्ट, रात्री ८.१०

तुमचं म्हणणं समजतं. भारतात शिकार बंद आहे ते मलाही योग्यच वाटतं. इथं दर वर्षी किती जनावरं मारू द्यायची ते राज्याचा वन्यजीव विभाग कळपांची पाहणी करून ठरवतो, त्या हिशेबानं परवाने निघतात आणि मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. आमच्या घरी वर्षभर तेच खाल्लं जातं. तुम्हाला वेगळ्या धाग्यावर बोलायचं असेल तर मी जरूर येईन. इथं मला फक्त माझ्या भाच्याला सुखरूप परत आणायचंय.

*

कोलोरॅडोवासी | ५ ऑगस्ट, पहाटे ५.५०

अकरा वर्षं याच डोंगरांत आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिकाऱ्यांच्या गाड्या जाताना बघतो. टेक्सास, लुइझियाना, फ्लोरिडाच्या पाट्या. समुद्रकाठाहून रात्रभर गाडी हाकून येतात आणि थेट जंगलरस्त्याच्या शेवटी तंबू लावतात. हंगामाचा पहिला दिवस हा त्यांचा उंचीवरचाही पहिलाच दिवस असतो. ट्रेकर निदान एकेक मुक्काम करत चढतो, शिकारी गाडीतून उतरतो तोच दहा हजार फुटांवर. मूळ चूक इथंच आहे.

मी असं करेन: पहिली रात्र डेन्व्हर. दुसऱ्या दिवशी सलायडामार्गे मोनार्क खिंड ओलांडून गनिसन. खिंड ११,३१२ फुटांवर आहे, तिथं तासभर थांबा, थोडं चाला, फोटो काढा आणि खाली ७७०० फुटांवर झोपायला जा. गनिसनला दोन रात्री. हंगामाच्या आदल्या दिवशी कॅम्प लावा, पण साडेदहा हजारांवर नाही, नऊ ते साडेनऊ हजारांवर. पहाटे वर चढा, संध्याकाळी खाली या. ट्रेकवाले ‘क्लाइंब हाय, स्लीप लो’ म्हणतात ते हेच. कॅम्प खाली ठेवल्यानं शिकार हुकते असं समजू नका. ऑक्टोबरात वर बर्फ पडला की एल्क स्वतःच खाली सरकतात.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. थंडीमुळं तंबू घट्ट बंद करून आत गॅसचा हीटर किंवा स्टोव्ह चालू ठेवतात. कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गुंगी. हुबेहूब विरळ हवेसारखी! माणूस समजतो उंची लागली, गोळी घेतो आणि त्याच तंबूत पुन्हा झोपतो. या वायूचा बॅटरीवरचा अलार्म मिळतो, प्रत्येक तंबूत एक ठेवा. सकाळी सगळ्यांचंच डोकं एकदम दुखत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत अर्ध्या तासात बरं वाटत असेल तर आधी हीटरवर संशय घ्या.

*

निवृत्त_जवान | ५ ऑगस्ट, रात्री ९.२०

राम राम. सातारा जिल्ह्यातला, फौजेत बावीस वर्षं, त्यातली बरीच बर्फात.

ह्यूस्टनकर, तुम्ही वाईचे म्हणजे आमच्या शेजारचेच. म्हणून अधिकारानं सांगतो. फौजेत नऊ ते बारा हजार फुटांसाठी सहा दिवस देतात. पहिले दोन दिवस पूर्ण आराम, फक्त लंगरपर्यंत जायचं. पुढचे दोन दिवस सपाटीवर हळू चालणं. शेवटचे दोन दिवस थोडा चढ. बारा हजारांच्या वर जायचं तर पुढचे चार दिवस वेगळे, पंधरा हजारांच्या वर आणखी चार. पंचवीस वर्षांचा पैलवान असला तरी सूट नाही. हा नियम फुकट आलेला नाही. १९६२ला सपाटीवरच्या पलटणी काही तासांत उंचावर नेल्या गेल्या, आणि कित्येक जवान गोळी न लागता फुप्फुसात पाणी होऊन गेले. आपल्याच लष्करी डॉक्टरांनी एकूण १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ साली तो जगापुढं मांडला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. दिवस मोजले, गोळी घेतली, तरी एक माणूस आजारी पडतोच, आणि तो सांगत नाही. लाजेनं सांगत नाही, दुसऱ्यांचा खोळंबा नको म्हणून सांगत नाही. म्हणून फौजेत बडी, म्हणजे नेमून दिलेला जोडीदार, असतो. ‘कसं वाटतंय’ असं बडी विचारत नाही, कारण त्याला ‘मस्त’ हेच उत्तर येतं. तो बघतो: रात्री जेवला का, सकाळी बूट स्वतः बांधले का, बोलताना अडखळतो का, सगळ्यांच्या मागं का राहतोय. तुम्ही चौघं आहात, दोन जोड्या करा. आणि निघायच्या आधी घरी बसून ठरवा की अमुक झालं तर कोण कोणाला घेऊन खाली जाईल. वर गेल्यावर ठरवायला बसलात तर प्रत्येक जण हंगामाचे उरलेले दिवस मोजत बसतो.

*

वैद्यकी | ६ ऑगस्ट, सकाळी ११.३०

काकांच्या प्रतिसादाला माझ्याकडून पूर्ण दुजोरा. बडीनं करायची एक सोपी चाचणी जोडते. जमिनीवर एक सरळ रेघ ओढायची आणि मागच्या पायाच्या अंगठ्याला पुढच्या पायाची टाच टेकवत दहा पावलं चालायला लावायचं. तोल गेला, रेघ सुटली, तर वाद न घालता खाली. ही चाचणी घरी आधी सगळ्यांनी करून ठेवा, म्हणजे मुळातच कोणाचा तोल कच्चा असेल तर कळेल.

फुप्फुसात पाणी होण्याची खूण वेगळी. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री सुरू होतं. आधी माणूस चढावर नेहमीपेक्षा फार मागं पडतो, कोरडा खोकला येतो, मग बसल्याजागीही धाप लागते, ओठ-नखं निळसर होतात. गुलाबी फेस येईपर्यंत थांबायचं नसतं. डोकं अजिबात दुखत नसलं तरी हे होऊ शकतं, म्हणून कित्येकदा सर्दी-खोकला समजून सोडून देतात. कडाक्याची थंडी आणि दमछाक दोन्हींनी धोका वाढतो.

आता आईच्या पुरचुंडीबद्दल. कापूर हुंगल्यानं नाकाला गार लागतं, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातला ऑक्सिजन त्यानं वाढत नाही. कोका ३० आणि लसणाचं सूप यांचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. आईनं प्रेमानं पाठवलंय तर बॅगेत असू द्या, पण त्यांच्या भरवशावर मुक्काम वर नेऊ नका. खूप पाणी प्यायल्यानं त्रास टळतो हाही समज आहे. पाणी तहान भागेल आणि लघवी फिकट राहील इतकं प्यावं, कारण सुकल्यानंही डोकं दुखतं आणि निदान करताना गोंधळ होतो. दारू पहिले दोनतीन दिवस नकोच. झोपेच्या गोळ्याही नकोत, श्वास आणखी मंदावतो.

*

माळरान | ६ ऑगस्ट, दुपारी १.००

ताई, डोकं दुखलं तर साधी वेदनाशामक घेतली तर लक्षण दबून धोका वाढत नाही का? आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्यावं का?

*

वैद्यकी | ६ ऑगस्ट, दुपारी ४.४५

आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घेतलेली चालते. डोकं थांबलं आणि बाकी काही नसेल तर चांगलंच. मात्र गोळी घेऊन त्याच दिवशी आणखी वर जायचं नाही. गोळी घेऊनही डोकं राहिलं, किंवा उलटी सुरू झाली, तर मुक्काम खाली.

ऑक्सिमीटर न्या, पण एकेका आकड्यावर भिस्त ठेवू नका. गार बोटावर तो चुकीचा दाखवतो. तीन हजार मीटरच्या पुढं ८८-९० टक्के दिसणं नवीन माणसात नवल नाही. चौघांचे आकडे सारखे असताना एकाचाच बराच खाली असेल, किंवा दिवसागणिक घसरत असेल, तर त्याच्याकडं नीट लक्ष द्या. आकडा चांगला आणि माणूस झोकांड्या खातोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

*

कोलोरॅडोवासी | ७ ऑगस्ट, सकाळी ६.२०

मांस वाहण्याचा उल्लेख आला म्हणून. मोठा नर तीनशे किलोच्या पुढं भरतो. जागेवरच हाडं वेगळी केली तरी पाठीवर न्यायचं मांस नव्वद-शंभर किलो उरतं. म्हणजे चौघांनी पाठीवर पंचवीस-पंचवीस किलो घेऊन एक खेप, किंवा दोघांनी दोन खेपा, तेही रात्री, थंडीत, उतारावरच्या पडझडीतून. सगळ्या सहलीत शरीरावर सगळ्यात जास्त ताण याच रात्री येतो. त्या दिवशी कोणाला खोकला किंवा डोकेदुखी असेल तर त्यानं वाहायला जायचं नाही. दुपारनंतर गाडीपासून तीन किलोमीटरपलीकडे गोळी झाडायची नाही, एवढं आपल्या आपण ठरवा. मी स्वतः हे पाळतो. काही जनावरं त्यापायी सोडलीत, त्याचं वाईट वाटलेलं नाही.

भाच्यालाही केशरी जाकीट आणि टोपी घाला, तो शिकार करणार नसला तरी.

आणखी एक. आमच्याच राज्यातल्या अ‍ॅस्पेनला चार्ल्स ह्यूस्टन नावाचे डॉक्टर होते. १९६०मध्ये त्यांनी उंचावर फुप्फुसात पाणी होण्याबद्दल लिहिलं, तोवर इकडचे डॉक्टर त्याला न्यूमोनिया म्हणून उपचार करायचे. त्यांचा रुग्ण तरुण, धडधाकट स्कीअर होता. तेव्हा हे फक्त एव्हरेस्टवर होतं असं भाच्याला वाटत असेल तर त्याला हे सांगा.

*

ह्यूस्टनकर | १० ऑगस्ट, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज चौघं एकत्र बसलो. ठरलं ते असं: डेन्व्हर एक रात्र, गनिसन दोन रात्री, कॅम्प ९२०० फुटांवर. डायमॉक्स माझ्या डॉक्टरांनी लिहून दिली, घरी घेऊन पाहिली, बोटांना मुंग्या आल्या. मी आणि भाचा एक जोडी, ते दोघं दुसरी. सकाळी निघायच्या आधी प्रत्येकानं रेघेवर चालायचं, त्यानंतरच रायफली गाडीतून काढायच्या. हे शेवटचं मीच मागितलं. गेल्या वर्षीची ती धार अजून डोळ्यांपुढून जात नाही. मला काही झालं असतं ते एक, पण माझ्या पुढं खाली उतारावर माझा दुसरा मित्र होता.

*

ह्यूस्टनकर | २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०

धागा वर काढतोय. परत आलो, चौघंही.

मला एकदाही डोकेदुखी झाली नाही. पहिल्या दोन रात्री झोप तुटक, बाकी भूक लागत होती, चढावर दम लागायचा पण बसलं की जायचा. तेच डोंगर, तोच मी, आणि दोन्ही वर्षांत एवढा फरक!

त्रास झाला तो गेल्या वर्षी मला खाली आणणाऱ्या मित्राला. तो दोन वर्षांत कधी आजारी पडला नव्हता, म्हणून त्यानं गोळी घेतली नव्हती. तिसऱ्या सकाळी तो नाश्त्याला बसला आणि कॉफी तशीच ठेवून दिली. भाच्यानं ते पाहिलं. माझ्याकडं येऊन मराठीत म्हणाला, “मामा, काल रात्रीपण त्यानं अर्धंच खाल्लं होतं.” मी जाऊन विचारलं तर आधी नेहमीसारखं ‘फाइन’. मग मी त्याला माझ्या उलटीची आठवण करून दिली, तेव्हा म्हणाला, डोकं मध्यरात्रीपासून दुखतंय. अलार्म वाजला नव्हता, हीटर रात्री बंदच होता. रेघेवर नीट चालला, खोकला नव्हता. तरी त्याला त्या दिवशी वर जाऊ दिलं नाही. दुपारी मळमळ सुरू झाल्यावर मी गाडी काढली आणि त्याला गनिसनला नेलं. रात्री तिथं पोटभर जेवला.

त्यात आमच्या दोघांचा तिसरा आणि चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी त्याला बरं होतं, पण परत वर जायचं नाही असं त्यानंच ठरवलं. दुसऱ्या मित्राला चौथ्या दिवशी सकाळी रस्त्यापासून दीड किलोमीटरवर एक मादी मिळाली. तो आणि भाचा दोघंच होते, दोन खेपा केल्या, चारला संपलं. माझा परवाना तसाच राहिला.

*

निवृत्त_जवान | २६ ऑक्टोबर, रात्री ९.०५

शाब्बास. भाच्याला फौजेत पाठवा. एक विचारतो: मित्राला खाली नेताना त्याची रायफल कुठं होती?

*

ह्यूस्टनकर | २६ ऑक्टोबर, रात्री ९.२०

काका, रिकामी करून, बोल्ट काढून, कॅम्पवरच्या पेटीत कुलपात. किल्ली भाच्याच्या गळ्यात होती.